हिऱ्यांच्या खाणीची वाट



परदेशी पाहुणा आपल्या देशात कशासाठी येतो, असे कोणी विचारले तर आपण चटकन सांगू, की ताजमहाल पाहायला, अजिंठा-वेरूळची लेणी पाहायला, फार तर काशीचे घाट पाहायला. ते खोटेही नाही. परंतु या हौशी पाहुण्यांच्या कितीतरी आधीपासून आणखी एका जातीचा प्रवासी या देशात येत असे. त्याला लेण्यांशी फारसे कर्तव्य नव्हते. तो ज्या गावाची वाट विचारी ते गाव कोणत्याही यात्रेकरूच्या यादीत नसे. जमिनीच्या पोटात जेथे काही मोलाचे दडलेले आहे, तेथवर तो जाई. मग तेथे नीट धर्मशाळा असो वा नसो. असा प्रवासी इतिहासात सहसा सापडत नाही, कारण धंद्याचा माणूस आपली वाट दुसऱ्याला सांगत नाही. ज्याने ती सांगितली, आणि तीही चांगली सविस्तर छापून सांगितली, अशा एका फ्रेंच जवाहिऱ्याबरोबर आज आम्ही आपणांस तासभर हिंडवून आणणार आहोत. त्याचे नाव झाँ बातिस्त ताव्हेर्निये.

हाच प्रवासी का निवडला, असे आपण विचाराल. एक तर त्याची वाट आपल्या दारावरून गेलेली आहे. नवापूर, अंबड, नांदेड ही आपली गावे त्याच्या पुस्तकात येतात. आणि दुसरे असे की, साडेतीनशे वर्षांपूर्वी परदेशचा जवाहिऱ्या जसा आपल्याकडे खाणींच्या शोधात येत होता, तसा आज आपला जवाहिऱ्या आफ्रिकेच्या खाणींच्या शोधात जातो. पाहुणा आणि यजमान यांनी जागा बदलल्या आहेत. अशा वेळी जुन्या पाहुण्याची वही उघडून पाहणे उपयोगाचे ठरेल, असे आम्हांस वाटते.

ताव्हेर्नियेचा जन्म १६०५ साली पॅरिसमध्ये झाला. वडील नकाशांचा व्यापार करीत. ज्या घरात रोज दूरदूरच्या देशांचे नकाशे उलगडले जात, त्या घरातला मुलगा पुढे घरी बसला नाही यात नवल नाही. १६३० ते १६६८ या अडतीस वर्षांत त्याने पूर्वेकडे सहा सफरी केल्या. पहिल्या सफरीत तो इराणपर्यंतच आला. दुसरीत, म्हणजे १६३८ नंतर, तो हिंदुस्थानात उतरला, आणि मग पुन्हा पुन्हा येत राहिला. सहा सफरींची हकीकत सांगणारे त्याचे पुस्तक १६७६ साली प्रसिद्ध झाले. त्याची भाषा सारखी करण्याचे काम शाप्युझो नावाच्या लेखकाने केले. म्हणून या पुस्तकात ताव्हेर्निये किती आणि लेखनिक किती, हा प्रश्न राहतोच. तारखांत घोटाळे आहेत, ऐकीव गोष्टी आहेत, आणि मोठे आकडे सांगण्याची व्यापाऱ्याची हौसही आहे. पण आपल्या धंद्याविषयी, म्हणजे वजन, भाव, जकात आणि हुंडी यांविषयी, तो बोलू लागला की त्याचा हात एकदम स्थिर होतो. व्हॅलंटाइन बॉल या भूशास्त्रज्ञाने १८८९ साली या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले. बॉल हिंदुस्थानच्या भूशास्त्रीय पाहणी खात्यात काम केलेला गृहस्थ. त्याने ताव्हेर्नियेने सांगितलेल्या खाणींचा मागही काढला, आणि मगच विद्वानांचा या जवाहिऱ्यावरचा विश्वास वाढला.

हिऱ्यांसाठी हिंदुस्थानातच का यावे लागे, याचे उत्तर सोपे आहे. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत, बोर्निओ बेटावरचा थोडासा माल सोडला, तर जगाच्या बाजारात हिरा येई तो आपल्याकडून. दक्षिण आफ्रिकेच्या खाणी तर १८६७ नंतरच्या. ‘गोवळकोंड्याचे हिरे’ हा शब्द जगभर गाजला. पण गोवळकोंड्यात हिऱ्याची खाण कधीच नव्हती. तेथे किल्ला होता, कुतुबशाहीची गादी होती आणि बाजारपेठ होती. खाणी होत्या त्या तेथून कित्येक दिवसांच्या वाटेवर, कृष्णा आणि पेन्ना या नद्यांच्या खोऱ्यांत. बहुतेक परदेशी व्यापारी पेठेत बसूनच माल घेत. ताव्हेर्नियेने मात्र ठरवले की मुळापर्यंत जायचे. खाणींच्या मुलखाविषयी भीतीदायक अफवा होत्या. वाटा वाईट आहेत, लोक रानटी आहेत, असे लोक सांगत. स्वतः जाऊन आल्यावर त्याने लिहिले ते याच्या अगदी उलट होते.

आता त्याची वाट पाहू. सुरतेहून गोवळकोंड्याला जाण्याचे दोन रस्ते तो सांगतो. एक दौलताबादेवरून आणि दुसरा विजापूरवरून. पहिला रस्ता आपला. सुरत सोडली की बारडोली, व्यारा आणि मग नवापूर. नवापूर आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. तेथे विणकर पुष्कळ, पण खरा व्यापार तांदळाचा, असे तो म्हणतो. हा तांदूळ नेहमीच्या तांदळाच्या निम्म्याने बारीक, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा, आणि वासाला कस्तुरीसारखा. इराणात कोणाला मानाची भेट पाठवायची तर या तांदळाचे एक पोते पाठवावे, म्हणजे मंडळी खूश होतात, असा त्याचा अनुभव. हिऱ्यांच्या शोधात निघालेला हा गृहस्थ नवापूरच्या भातापाशी क्षणभर थबकतो, हे वाचून आम्हांस त्याच्याविषयी थोडी आपुलकी वाटली. पुढे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथे औरंगजेबाच्या बेगमेच्या कबरीचे काम चालू होते. तोच आपला बिबीका मकबरा. या कामासाठी चाललेल्या संगमरवराच्या तीनशेहून अधिक गाड्या त्याला वाटेत भेटल्या, आणि त्यांतल्या लहानात लहान गाडीला बारा बैल जुंपलेले होते. त्यानंतर अंबड, आष्टी आणि नांदेड. नांदेडला नदी ओलांडताना दर गाडीमागे चार रुपये द्यावे लागत. ही नदी पुढे गंगेला मिळते, असे तो लिहितो. आपले लोक गोदावरीलाच गंगा म्हणतात. बहुधा त्या बोलण्याने बिचारा फसला असावा.

प्रवास बैलांचा. भाड्याची गाडी दिवसाला सुमारे एक रुपयाने मिळे. एकदा त्याने एक बैलजोडी सहाशे रुपयांना विकत घेतली, आणि त्या जोडीने साठ दिवस रोज लांबलांब मजला मारल्या. दुपारी गव्हाच्या कणकेत लोणी आणि गूळ घालून केलेले दोन-तीन मोठे गोळे, आणि संध्याकाळी भरडून भिजवलेले हरभरे, असा त्या बैलांचा खुराक. पैसा धन्याचा असला तरी वाट बैलांची असते, हे त्याने ओळखले होते. संरक्षणासाठी आणि थोड्या दिमाखासाठी वीस-तीस हत्यारबंद माणसे बरोबर घ्यावीत, दरमहा प्रत्येकी चार रुपये द्यावेत, लांबचा पल्ला असेल तर पाच, असा त्याचा सल्ला. वाटेत बंजाऱ्यांचे तांडे भेटत. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादलेले. असा तांडा समोरून आला की अरुंद वाटेवर दोन-तीन दिवस थांबून राहण्याची पाळी येई.

पण या सगळ्याहून अधिक नवल आम्हांस वाटते ते हुंडीचे. सुरतेच्या सराफीचे दर त्याने टिपून ठेवले आहेत. अहमदाबादेची हुंडी शेकडा एक ते दीड, लाहोरची सव्वासहापर्यंत, आणि ढाक्याची तब्बल दहा. जितकी वाट लांब आणि जोखमीची तितकी हुंडणावळ जास्त. श्रोतेहो, हा केवळ दरांचा तक्ता नव्हे. त्या काळच्या हिंदुस्थानात कोणत्या वाटेवर किती विश्वास टाकता येत होता, याचे हे मोजमाप आहे. मोगल, कुतुबशाही, आदिलशाही यांच्या सरहद्दी वेगळ्या, नाणी वेगळी, लढाया तर सदैव चालू. तरी सराफाच्या कागदाच्या एका चिठोऱ्यावर पैसा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होता. परक्या माणसाला खाणीपर्यंत पोहोचवले ते या पतीने.

ती पत प्रत्यक्ष कशी वागते, हे पाहायला आपण राओलकोंड्याच्या खाणीवर जाऊ. ताव्हेर्निये तेथे गेला तो तिसऱ्या सफरीत, १६४५ च्या सुमारास. गोवळकोंड्याहून पाच दिवस, विजापूरहून आठ-नऊ दिवस, असे अंतर तो देतो. ही खाण म्हणजे आजच्या कर्नूलजवळचे रामल्लकोटा, असे बॉलचे मत. तेथे पोहोचताच तो खाणीच्या सुभेदाराकडे गेला. सुभेदाराने स्वागत केले, राखणीला चार नोकर दिले आणि सांगितले की सोने घरात ठेव आणि निर्धास्त झोप. खरेदीवर राजाची जकात शेकडा दोन. ती भरली की कोणी त्रास देत नसे. रोज सकाळी दहा-अकराच्या सुमारास, जेवणे उरकून, खाणींचे मालक हिरे दाखवायला येत. माल मोठा असला तर तो परदेशी व्यापाऱ्याच्या घरी सात-आठ दिवस ठेवून जात. ‘सावकाश पाहा’ म्हणत. हिरे त्याचे आणि घर परक्याचे!

तेथल्या बाजाराचे एक चित्र विसरता येत नाही. गावच्या चौकात एक मोठे झाड. त्याच्या सावलीत रोज सकाळी दहा ते पंधरा-सोळा वर्षांची मुले येऊन बसत. ही व्यापाऱ्यांची मुले. प्रत्येकाच्या कमरेला एका बाजूस हिरे तोलायच्या वजनांची पिशवी, दुसऱ्या बाजूस पाचशे-सहाशे होनांचा कसा. कोणी हिरा विकायला आणला की तो सर्वांत थोरल्या मुलाच्या हातात द्यायचा. तो पाहून शेजाऱ्याला देई, तो पुढच्याला. कोणी एक शब्द बोलत नसे. हिरा असा फिरून पुन्हा थोरल्याकडे आला की तो भाव विचारी आणि सौदा करी. महाग पडला तर जबाबदारी त्याची. संध्याकाळी सारी मुले दिवसाची खरेदी मांडून प्रतवारी लावत आणि मोठ्या व्यापाऱ्यांना विकत. नफा सारखा वाटून घेत. थोरल्याला मात्र शेकडा पाव टक्का जास्त. आज आपण मुलांना व्यापाराचे शिक्षण देण्यासाठी महाविद्यालये काढतो. राओलकोंड्याचे महाविद्यालय झाडाखाली भरे, आणि त्याचे भांडवल खरे असे.

मोठ्या सौद्यांची रीत याहून मौजेची. घेणारा आणि देणारा समोरासमोर मांडी घालून बसत. एक जण आपल्या शेल्याचा पदर सोडी, दुसऱ्याचा उजवा हात हातात घेई आणि वर पदर टाकी. मग पदराआड बोटांची भाषा सुरू. पुरा पंजा धरला म्हणजे हजार. पाच बोटे म्हणजे पाचशे, एक बोट म्हणजे शंभर. मधल्या पेरापर्यंत अर्धे बोट म्हणजे पन्नास, आणि बोटाचे टोक म्हणजे दहा. भोवती दहा माणसे उभी असली तरी काय ठरले हे कोणाला कळत नसे. आपल्यापैकी जे खेड्यांतले आहेत ते आता हसत असतील. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे चाचपणारे दलाल आपण पाहिलेले आहेत. बैलाचा सौदा आणि बादशाही हिऱ्याचा सौदा यांचे व्याकरण एकच होते, हे ऐकून त्या दलालांची छाती फुगेल.

एके संध्याकाळी ताव्हेर्नियेकडे एक माणूस आला. कमरेला साधे वस्त्र, डोक्याला मळका रुमाल. तो मुकाट्याने बसून राहिला. मग दुभाष्याकरवी त्याने काही किरकोळ माणकांच्या अंगठ्या दाखवल्या. माणसे पांगल्यावर त्याने डोक्याचा रुमाल सोडला आणि केसांच्या गाठीतून एक चिंधी काढली. चिंधीत साडेअठ्ठेचाळीस कॅरटचा हिरा होता! ‘उद्या सकाळपर्यंत ठेवून घे, नीट पाहा, आणि पसंत पडला तर गावाबाहेर पैसे घेऊन ये’, एवढे सांगून तो निघून गेला. ना पावती, ना साक्षीदार. दुसऱ्या दिवशी ताव्हेर्निये पैसे घेऊन गेला. मागितल्या किमतीत दोनशे होन तेवढे कमी केले. पुढे सुरतेस एका डच कप्तानाला तो हिरा त्याने चांगल्या नफ्याने विकला.

या गोष्टीत दोन गोष्टी आहेत. एक विश्वासाची, ती ताव्हेर्नियेने सांगितली. दुसरी भयाची, ती आपण ऐकावयाची. पन्नास कॅरटचा धनी मळका रुमाल बांधून का येतो? बाजार सोडून गावाबाहेर का भेटतो? आपल्याजवळ धन आहे हे आपल्याच राज्यकर्त्यांना कळू नये, यासाठी ही सारी धडपड. परक्या व्यापाऱ्यावर तो एक रात्र विश्वास टाकू शकत होता; आपल्या सरकारवर नाही.

आता ज्यांच्या घामावर हा बाजार उभा होता त्यांच्याकडे वळू. राओलकोंड्याहून मोठी खाण कोल्लूरची, कृष्णेच्या काठी, गोवळकोंड्याच्या पूर्वेला सात दिवसांवर. शंभर एक वर्षांपूर्वी एक गरीब माणूस तेथे धान्य पेरण्यासाठी जमीन खणत होता. त्याला पंचवीस कॅरटचा टोकदार खडा सापडला, आणि खाणीचा शोध लागला, असे तेथले लोक सांगत. ताव्हेर्निये गेला तेव्हा पुरुष, बायका आणि मुले मिळून साठ हजार माणसे तेथे राबत होती, असा आकडा त्याने दिला आहे. आकड्यात हात सैल सुटला असेल, पण त्याने कामाचे केलेले वर्णन डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचे आहे.

काम सुरू करण्यापूर्वी सारे जण देवाची मूर्ती मांडून तीनदा साष्टांग नमस्कार घालत. पुजारी प्रत्येकाच्या कपाळी टिळा लावी आणि त्यावर तांदळाचे काही दाणे चिकटवी. मग पानांवर भात, तूप-साखर असे जेवण होई आणि खणती चालू होई. पुरुष दहा, बारा, चौदा फूट खणत, पाणी लागेपर्यंत. बायका-मुले माती वाहून जवळच्या बुटक्या भिंतींच्या आवारात टाकत. खड्ड्याचेच पाणी त्या मातीवर ओतून एक-दोन दिवस ती भिजवायची. मग भिंतीची भोके उघडून गढूळ पाणी सोडून द्यायचे. राहिलेली वाळू उन्हात वाळवायची, सुपांसारख्या टोपल्यांनी पाखडायची, मोगऱ्यांनी कुटायची, पुन्हा पाखडायची; आणि मग तोंड खाली घालून एकेक खडा निवडायचा. सुगीच्या दिवसांत आपल्या खळ्यावर जे चालते तेच हे. फरक इतकाच की पाखडणाऱ्याच्या घरी यातला दाणा जायचा नाही.

त्याच्या घरी काय जाई, तेही ताव्हेर्नियेने लिहून ठेवले आहे. राओलकोंड्याच्या चांगल्या जाणत्या कामगाराची मजुरी वर्षाला तीन होन. महिन्याला नव्हे, वर्षाला. मोठा हिरा सापडला तर त्याला शिरपाव मिळे. अर्ध्या होनाचे पागोट्याचे कापड आणि वर थोडे पैसे, किंवा तांदूळ आणि साखर. मजुरी इतकी थोडी की माणसे संधी मिळताच खडा गिळून टाकत, डोळ्याच्या कोपऱ्यातही दडवत. म्हणून पन्नास मजुरांमागे बारा-पंधरा राखणदार. व्यापाऱ्याने राजाला द्यायचा पट्टा वेगळा. पन्नास मजूर लावले तर दिवसाला दोन होन, शंभर लावले तर चार.

येथे आम्ही आपणांस थोडे गणित करायला सांगतो. पन्नास मजुरांची वर्षाची मजुरी दीडशे होन. त्याच पन्नास मजुरांबद्दल, काम वर्षभर चालले तर, राजाचा पट्टा सातशे तीस होन. म्हणजे हिरा सापडो वा न सापडो, पन्नास कुटुंबांच्या पोटाला जेवढे जाई त्याच्या जवळजवळ पाचपट राजाच्या खजिन्यात पडे. आणि ही झाली खणण्याच्या परवानगीची किंमत, हिऱ्याची नव्हे!

हा पैसा कोणाच्या हाती खेळे त्याचा नमुना म्हणजे मीर जुमला. इराणातल्या अर्दिस्तानचा हा माणूस हिऱ्यांच्या व्यापारातून वर चढला, गोवळकोंड्याचा वजीर झाला आणि खाणींचा जणू धनीच बनला. १६५२ साली ताव्हेर्निये मोती विकायला निघाला तेव्हा त्याला आधी गंडिकोट्याच्या किल्ल्यावर मीर जुमल्याला भेटावे लागले. कारण वजिराने पाहिल्याशिवाय राजा मोलाची वस्तू घेत नसे. तंबूत वजीर बसला होता तो पायाच्या आणि डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत पत्रे खोवून, आणि दोन चिटणिसांना उत्तरे सांगत. त्याने ताव्हेर्नियेला हिऱ्यांच्या पाच लहान पिशव्या दाखवल्या. खडे बारीक आणि काळपट. युरोपात खपतील काय, असे विचारले. कर्नाटकात खाणी आहेत असे कळल्यावरून त्याने बारा हजार माणसे लावली होती. वर्षभरात निघाल्या त्या या पाच पिशव्या. मालाला पाणी नाही असे पाहून त्याने खाण बंद केली आणि माणसांना पुन्हा शेतीला धाडून दिले. त्या बारा हजारांचे ते वर्ष पाच पिशव्यांत मावले.

खाणीतून निघालेले धन वर वर कसे जाते तेही पाहा. कोल्लूरचा प्रचंड हिरा मीर जुमल्याने शाहजहानला नजर केला. तो घासायला दिला ओर्तेन्सिओ बोर्जिओ या व्हेनिसच्या कारागिराकडे. त्याने तो घासून घासून इतका लहान केला की बादशहाने मजुरी द्यायची सोडून त्याला दहा हजार रुपये दंड केला. त्याच्याजवळ अधिक नव्हते म्हणून तेवढ्यावर भागले. २ नोव्हेंबर १६६५ रोजी औरंगजेबाच्या रत्नशाळेत ताव्हेर्नियेने तो हिरा स्वतः हातात घेऊन तोलला. तेव्हाही तो २७९ कॅरटहून अधिक भरला.

ताव्हेर्नियेने स्वतः नेलेल्या हिऱ्यांत एक निळा हिरा होता, जुन्या मापाने ११२ कॅरटहून थोडा अधिक. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६९ साली त्याचा मोठा माल विकत घेतला, त्यात या एका हिऱ्याची किंमत दोन लाख वीस हजार लिव्र धरली होती. लिव्र म्हणजे फ्रेंच नाणे. ताव्हेर्नियेच्या हिशेबाने एका रुपयाचे दीड लिव्र होत. होनाला साडेतीन ते पाच रुपये धरले तरी त्या एका खड्याची किंमत एका मजुराच्या सुमारे दहा ते चौदा हजार वर्षांच्या मजुरीएवढी होते. तीन होनांच्या माणसाने रामायणाच्या काळी कामाला सुरुवात केली असती, तरी त्याचा हिशेब पुरा झाला नसता. १६७३ मध्ये तो हिरा नव्याने घासला गेला, १७९२ च्या राज्यक्रांतीच्या धामधुमीत चोरीस गेला, आणि पुढे आणखी लहान होऊन ‘होप’ या नावाने प्रकट झाला. १९५८ पासून तो अमेरिकेत वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. पॅरिसच्या संग्रहालयात जुन्या हिऱ्याचा शिशाचा नमुना २००७ साली सापडला, आणि हे दोन्ही हिरे एकच, हे नक्की झाले. लोक त्या हिऱ्याच्या शापाच्या कहाण्या रस घेऊन सांगतात. आम्हांस वाटते, शाप शोधायचाच तर तो तीन होनांत शोधावा.

ताव्हेर्नियेला सरदारकी मिळाली. स्वित्झर्लंडमध्ये ओबोन येथे त्याने जहागीर घेतली. पण म्हातारपणी पूर्वेकडच्या व्यापारात नुकसान आले, १६८५ साली जहागीर विकावी लागली, आणि ऐंशी उलटलेला हा वाटसरू पुन्हा पूर्वेकडे निघाला. १६८९ साली रशियात त्याला मरण आले. ज्याचे आयुष्य वाटेवर गेले त्याला अंतही वाटेवरच आला. आणि कोल्लूर? हिरे संपत आले, दुसरीकडच्या खाणी निघाल्या आणि माणसे पांगली. साठ हजारांच्या वस्तीचे खेडे झाले. आणि आपल्या काळात पुलिचिंतला धरणाच्या जलाशयाखाली ते खेडेही गेले. पॅरिसला राजमुकुट मिळाला, दिल्लीला रत्नशाळा मिळाली. ज्या गावाने हे सारे दिले त्या गावाला त्या धनातून एक दगडी घाटसुद्धा मिळाल्याचे आम्ही वाचलेले नाही.

आता शेवटचा मुद्दा. आज जगातले बहुसंख्य हिरे पैलू पाडायला येतात ते सुरतेत, जेथून ताव्हेर्नियेची बैलगाडी निघाली त्याच गावात. आणि त्यांचा मोठा व्यापार चालतो तो मुंबईत. आपल्या देशात मात्र चालू असलेली मोठी खाण एकच, मध्यप्रदेशातल्या पन्ना येथली. त्यामुळे कच्चा माल आणायला आपली माणसे बोट्स्वाना, अंगोला, काँगो, सिएरा लिओन अशा देशांत जातात, जेथे हौशी प्रवासी सहसा फिरकत नाही. त्यांच्याही बरोबर वजनाचा काटा असतो, दुभाष्या असतो, आणि घरच्यांची काळजी असते. धैर्याचे आणि कष्टाचे ते काम आहे, यात शंका नाही.

पण तेथे गेल्यावर आपण कोणत्या बाजूला बसलो आहोत, हे ध्यानात असावे. सिएरा लिओनमध्ये १९३० साली हिरे सापडले. पुढे १९९१ ते २००२ पर्यंत तेथे यादवी चालली आणि हिऱ्यांच्या पैशावर बंदुका विकत घेतल्या गेल्या. त्या रक्तामुळेच २००३ पासून ‘किंबर्ले प्रक्रिया’ या नावाची दाखल्याची पद्धत सुरू झाली. हिरा कोठून आला हे कागदावर दाखवावे लागू लागले. उलट बोट्स्वाना पाहा. १९६६ साली तो स्वतंत्र झाला, पुढच्याच वर्षी तेथे मोठी खाण सापडली. त्या सरकारने परकी कंपनीशी निम्म्याची भागीदारी केली आणि त्या पैशातून रस्ते, शाळा आणि दवाखाने उभे केले. त्याच्या अडचणी संपल्या आहेत असे नाही. पण हिरा तोच, जमीनही आफ्रिकेचीच. हिशेब कोणी आणि कसा मांडला एवढ्यावर दोन देशांचे दैव वेगळे झाले.

ताव्हेर्नियेला आम्ही दोष देत नाही. त्याने कोणाला लुबाडले नाही. जकात भरली, भाव दिला, शब्द पाळला. त्याला खाणीपर्यंत नेले ते आपल्या लोकांच्या विश्वासाने, आणि त्या विश्वासाचे श्रेय त्याने मोकळेपणाने दिले. तीन होनांचा आकडाही त्यानेच लिहिला. मात्र लिहून तो पुढे गेला, त्याच्यापाशी थांबला नाही. नवापूरच्या भातापाशी थांबला, बैलांच्या खुराकापाशी थांबला. व्यापाऱ्याच्या वहीत प्रत्येक आकडा असतो, पण प्रत्येक आकड्यापाशी थांबायला त्याला सवड नसते.

ती सवड आपल्याला आहे. वसंतातल्या संध्याकाळी आपण येथे जमलो ते त्यासाठीच. या सभेतल्या कोणाचा मुलगा किंवा पुतण्या उद्या त्या दूरच्या खाणींवर गेला, तर त्याला आपण एवढेच सांगावे. बाबा, काटा नीट धर, शब्द पाळ, हिऱ्याचे पाणी पाहा. आणि उठण्यापूर्वी एकदा विचारून घे, की येथे खणणाऱ्याला वर्षाचे किती मिळते.